आत्याच्या कॅसेटी, २४ बिट आणि हेडचा स्क्रू: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम: आत्याच्या जुन्या कॅसेटी डेकवर वाजवून लॅपटॉपवर फाइलींत उतरवणं. कच्चा माल: रत्नागिरीजवळच्या घरातून पुण्यात आणलेल्या चाळीसेक कॅसेटी. बहुतेक सी-६०, काही सी-९०, सगळ्या साध्या फेरिक टेपच्या. साधारण १९८३ ते १९९२ या काळातलं आत्याचं गाणं आहे: घरची भजनं, गणपतीतले गजर, थोडी नाट्यपदं. बरंचसं टू-इन-वनच्या (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्राच्या) आतल्या माइकवर घेतलेलं, काही शेजाऱ्यांच्या चांगल्या डेकवर.

आतेभावाला, म्हणजे दादाला, न्यू जर्सीत बसून हे सगळं ऐकायचंय. त्याची अट एकच: ‘हाय-रेझ कर. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट. पुन्हा पुन्हा थोडंच करणार आहेस?’

हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजलेला आवाज. कामापुरतं जे समजून घेतलं ते एवढंच. पहिला आकडा म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला. त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर साठवता येतात, म्हणजे सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंत, आणि माणसाचा कान तरुणपणीही साधारण २० च्या पुढे जात नाही. दुसरा आकडा, बिट, तळाशी किती हळू आवाज टिकतो ते ठरवतो. एका बिटाला सुमारे ६ डेसिबल धरा. सोळा बिट म्हणजे ९६, चोवीस म्हणजे कागदावर १४४. प्रत्यक्षात चांगलं यंत्रही १२० च्या आसपास थकतं.

जागेचा हिशेब, एका तासाच्या स्टिरिओसाठी: १६/४४.१ ला सुमारे ६३५ एमबी, २४/४८ ला १ जीबीच्या थोडं वर, २४/९६ ला २ जीबी, २४/१९२ ला ४ जीबीहून जास्त.

कुठलीही कॅसेट लावण्याआधी तिच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही कान मोडले. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर परत मिळणारी ही वस्तू नाही.

१८ जानेवारी, शनिवार

माळ्यावरचा जपानी डेक उघडला. बेल्टचं डांबर झालं होतं. पुलीवर, मोटरवर, बोटांवर, सगळीकडे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणीच्या काड्या घेऊन अख्खी दुपार तेच पुसत बसले.

जुना बेल्टच वितळल्यामुळे माप कशाचं घ्यायचं हा प्रश्न. पुल्यांभोवती दोरा गुंडाळून लांबी घेतली आणि तापकीर गल्लीत गेले. दुकानातल्या काकांनी दोरा हातात घेऊन विचारलं, ‘ताई, ताण किती धरलाय?’ मी धरलाच नव्हता. बेल्ट दोऱ्याहून पाच-सहा टक्के आखूड लागतो, हे त्यांच्याकडून कळलं. तरी ‘सैल चालेल’ म्हणून जो घेतला त्यावर तानपुरा डुलायला लागला. दुसऱ्यांदा आखूड घेतला तेव्हा सूर थांबला. तानपुरा हीच उत्तम चाचणी. बोलण्यात न कळणारं डुलणं तानपुऱ्यात लगेच कळतं.

टेप वाचणारं हेड आणि टेप ओढणारा दांडा (कॅप्स्टन) यांना अल्कोहोल, टेप दांड्यावर दाबणाऱ्या चाकाच्या (पिंच रोलरच्या) रबराला मात्र साबणाचं पाणी. अल्कोहोलने रबर कडक होतं असं काकांचं म्हणणं. मी ऐकलं.

खर्च: बेल्ट दोन्ही मिळून २४०, अल्कोहोल ३२०.

२६ जानेवारी, रविवार

पहिलं रेकॉर्डिंग फुकट गेलं. डेकची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली होती. ते भोक मोनो, आणि पातळी स्वतःच वरखाली करणारं. आत्या थांबली की मागची सूंसूं फुगून वर येते, ती गायला लागली की दबते. सेटिंगमध्ये शोधूनही ते पूर्ण बंद होईना.

मग ११५० रुपयांचा छोटा यूएसबी कन्व्हर्टर घेतला. सोळा बिटचा. खोक्यावर ‘हाय क्वालिटी’ वगैरे. त्याला पातळीचं बटणच नाही. भजन सुरळीत आलं, पण गजरात टाळ वाढले तसा वरचा भाग कापला गेला. पडद्यावर लाटेचे डोंगर सपाट. असं कापलेलं परत जोडता येत नाही.

शेवटी वापरलेला इंटरफेस (डेकचा आवाज आकड्यांत बदलून लॅपटॉपला देणारा डबा) ९८०० ला घेतला, २४ बिटचा, दोन गोल बटणांचा. डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटपासून जाड पिनेच्या दोन केबल, ७०० रुपये.

इथे २४ बिटचा खरा उपयोग कळला, आणि तो ऐकण्याशी संबंधित नाही. साध्या फेरिक कॅसेटचा आवाज आणि तिची स्वतःची सूंसूं यांत अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न डेसिबलचं. सहाने भागलं तर नऊ बिटांत मावेल एवढा माल. मग चोवीस कशाला? तर पातळी बिनधास्त खाली ठेवता येते म्हणून. मी सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलवर, म्हणजे कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली, येईल असं बटण लावते. गजर अचानक चढला तरी वर जागा असते आणि खाली काही हरवत नाही. सोळा बिटातही हे जमलं असतं, फक्त पातळी काळजीपूर्वक लावावी लागली असती. चाळीस कॅसेटींच्या कामात दर वेळी एवढी काळजी राहत नाही.

घरघर: ५० हर्ट्झची, म्हणजे घरातल्या विजेची, घरघर लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर निम्म्याहून कमी झाली. उरलेली, डेक आणि इंटरफेस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्यावर. आता दर कॅसेटला लॅपटॉप बॅटरीवर.

२ फेब्रुवारी, रविवार

सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोठा फरक आज पडला, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

आवाज सुरुवातीपासून मला घोंगडीखालून आल्यासारखा वाटत होता. कॅसेट जुनी म्हणून असेल, असं धरून चालले होते. आज ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये) कुठला सूर किती आहे याचा आलेख काढला तर ७ किलोहर्ट्झच्या पुढे उतारच. हेडच्या डाव्या बाजूला स्प्रिंगखाली एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडची फट टेपशी काटकोनात बसते, यालाच ॲझिमथ म्हणतात. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झालं त्याचा कोन आणि माझ्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे सूर आधी जातात.

पद्धत अशी. स्क्रूच्या मूळ जागेवर बारीक मार्करने खूण केली. त्यावर कारखान्याचं लॅकर होतं, ते सुईने सोडवलं. हेडफोनवर डावी-उजवी बाजू एकत्र, म्हणजे मोनो केली. टाळ वाजत असलेला तुकडा लावला आणि स्क्रू अगदी केसाएवढा फिरवत राहिले. मोनोत कोन चुकला तर दोन्ही बाजूंचे वरचे सूर एकमेकांना मारतात, म्हणून फरक स्पष्ट ऐकू येतो. एका जागी टाळ उघडला. ‘विठ्ठल’मधला ठ पहिल्यांदा ऐकू आला. आलेखात १२ किलोहर्ट्झपर्यंत माल दिसायला लागला.

पेचकस चुंबकाचा नको, हेडला चुंबकत्व लागतं. आणि हे एकदाचं काम नाही: आत्याच्या कॅसेटी निदान तीन यंत्रांवरच्या आहेत, त्यामुळे दर कॅसेटला, कधी दर बाजूला, पुन्हा लावावं लागतं. एका कॅसेटला पाच-सात मिनिटं धरा. आधी केलेल्या साऱ्या कॅसेटी पुन्हा कराव्या लागणार. तीन रविवार पाण्यात.

डॉल्बीचं बटण (टेपची सूंसूं दाबणारी पद्धत, रेकॉर्ड करतानाही ती वापरलेली असावी लागते): टू-इन-वनवरच्या कॅसेटींना बंद. ते चालू राहिलं तर आवाज आणखी मंद होतो. शेजाऱ्यांच्या डेकवरच्या काहींवर पेनने ‘डॉल्बी बी’ लिहिलंय, त्यांना चालू, पण ॲझिमथ आधी. वरचे सूर कमी पोचले तर डॉल्बी त्यांना आणखी दाबतो.

९ फेब्रुवारी, रविवार

पट्टी. आत्या कायम काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) गायची. एका नाट्यपदाच्या कॅसेटवर ती काळी चारच्या थोडी वर ऐकू येते. माझा डेक पळतोय, की तेव्हाचा डेक रखडत होता?

मला वाटलं, विजेची घरघर आहेच टेपवर, ती ५० ला आणून ठेवली की झालं. ३०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे घरघरीच्या सहाव्या पटीत, आलेख मोठा करून पाहिला तर दोन रेघा. एक नेमकी ३०० वर, ती माझ्या घरातल्या आजच्या विजेची. दुसरी २९७.६ वर, ती टेपमधली. म्हणजे टेपवरची घरघर ४९.६. त्यावर विश्वास ठेवला तर कॅसेट हळू चालतेय असं धरून वेग वाढवायचा. पण कान सांगतो आधीच चढली आहे!

सुटका वरच्या बाजूला झाली. १५.८ किलोहर्ट्झवर एक अगदी सरळ, पुसट रेघ होती. ती जुन्या ट्यूबच्या टीव्हीची. आपल्याकडच्या तेव्हाच्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं आणि चित्रात ६२५ ओळी, गुणाकार १५,६२५ हर्ट्झ. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता, आणि चांगल्या डेकने तेही टिपलं. हा आकडा दूरदर्शनच्या प्रक्षेपणावरून येतो, तो हलत नाही. माझ्याकडे तो १५,८१० वर आला, म्हणजे कॅसेट सुमारे १.२ टक्के जास्त वेगात. मग ४९.६ ला तेवढंच खाली आणलं की त्या संध्याकाळची वीज निघते ४९ हर्ट्झ. त्या काळात संध्याकाळी मागणी वाढली की ग्रिडची वारंवारता खाली बसायची, तेव्हा हे पटतं. घरघरीवरून वेग लावू नये, एवढं मात्र पक्कं झालं.

ऑडॅसिटीत ‘वेग बदला’ वापरलं, ‘सूर बदला’ नाही. वेगात लय आणि सूर दोन्ही बरोबर उतरतात.

टू-इन-वनच्या कॅसेटींत टीव्हीची रेघ नाही, तो माइक तेवढा वर जातच नव्हता. तिथे पेटी. घरची पेटी आता माझ्याकडे आहे. रेकॉर्डिंगमध्ये पेटीचा षड्ज जिथे एकटा ऐकू येतो तिथे थांबवून तीच पट्टी दाबायची. मधे एकदा तिचे सूर लावून घेतलेत, त्यामुळे हे केसाला धरून नाही, पण कानाला पुरतं. दिवे गेले असताना सेलवर केलेली एक कॅसेट आहे. तिच्यात घरघर नावालाही नाही, पण सेल उतरत गेले तसा मूळ वेग कमी झाला आणि आज वाजवताना आत्या हळूहळू काळी चारवरून जवळजवळ पांढरी सहावर चढते. तिचे छोटे तुकडे करून एकेक सरळ केला. कंटाळवाणं काम.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाच्या अटीचा निकाल. एकच तुकडा ४८, ९६ आणि १९२ ला घेतला.

१९२ च्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या वर फक्त सूंसूं, आणि ६५ किलोहर्ट्झच्या आसपास एक ठळक रेघ. आत्याच्या गाण्यात ६५ किलोहर्ट्झ? लॅपटॉप बॅटरीवर होता, पण इंटरफेसशेजारी फोन चार्जरला लावलेला होता. तो काढला, रेघ गेली. तर १९२ ने जादा टिपलं ते एवढंच, फोनच्या चार्जरची शिटी, आणि त्यासाठी फाइल चौपट.

ध्वनिसंग्रह जपणाऱ्या संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयासा, जुन्या टेपसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते. बरेच संग्रह ९६ वापरतात. मी टू-इन-वनच्या कॅसेटींना २४/४८ आणि चांगल्या डेकवरच्यांना २४/९६ ठरवलं. दुसरी निवड तांत्रिक कमी आणि दादाची समजूत घालण्यासाठी जास्त आहे, हे मान्य.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सुटी होती, म्हणून घरच्यांना बसवून ऐकण्याची परीक्षा. फूबार २००० या गाणी वाजवण्याच्या प्रोग्रॅममध्ये एबीएक्स नावाची जोड मिळते. अ आणि ब या दोन फाइली, आणि क्ष त्यातली कुठलीतरी एक. क्ष कोण ते ओळखायचं, सोळा वेळा. निव्वळ अंदाजाने सोळापैकी आठ येतात. बारा किंवा जास्त आले तर नशिबावर ढकलणं अवघड, कारण ते अंदाजाने शंभरात चारच वेळा होतं.

माल: विकत घेतलेला २४/९६ चा एक शास्त्रीय गायनाचा अल्बम, आणि त्याचीच १६/४४.१ ला उतरवलेली प्रत.

पहिल्या फेरीत भाच्याला सोळापैकी चौदा. घरात जल्लोष, आणि मी गार. मग फाइली तपासल्या. प्रत काढताना ‘आवाज कमाल पातळीला आणा’ ही खूण राहून गेली होती आणि ती ०.८ डेसिबलने मोठी झाली होती. एवढा फरक ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘जास्त स्वच्छ’ म्हणून कळतो. दुकानात दोन यंत्रांची तुलना करून देतात तेव्हा हे डोक्यात ठेवा. पातळी सारखी केल्यावर भाचा ९, मी ७, नवरा ८.

यावर नीट अभ्यासही झालेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ ध्वनी सीडीच्या दर्जातून नेला तेव्हा ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही, उत्तरं जवळजवळ निम्मी बरोबर. २०१६ मध्ये राइस यांनी बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या थोडी वर निघाली. म्हणजे काहीतरी असेल, पण फार बारीक. माझ्या कॅसेटींच्या सूंसूंखाली ते सापडण्याची आशा नाही.

उलट बाजूही पाहिली. त्याच तुकड्याची १२८ किलोबिटची, म्हणजे बरीच दाबलेली, एमपी-थ्री केली, तर भाच्याला सोळापैकी सोळा. मलाही तेरा. आत्याच्या गजरावर तर कुणालाही कळतं: टाळ फुटतो, त्याच्या आधीच एक फसफस ऐकू येते. ३२० ला केल्यावर आम्ही सगळे पुन्हा आठ-नऊवर.

जाता जाता कानही तपासले, हळू आवाजात शुद्ध सूर वर नेत. भाचा १७ किलोहर्ट्झपर्यंत. मी १३ च्या थोडं पुढे गेले आणि शांतता.

९ मार्च, रविवार

दोन छोट्या गोष्टी.

परीक्षेसाठी म्हणून आणखी एक ‘२४/१९२’ अल्बम घेतला होता. स्पेक या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइलीतल्या सुरांचं चित्र काढलं तर २२ किलोहर्ट्झवर सरळ भिंत, पुढे काळोख. म्हणजे सीडीचीच फाइल फुगवलेली. कुठून घेतला ते लिहीत नाही. घेण्याआधी नमुना तपासता येत असेल तर तपासा.

भाच्याच्या हेडफोनवर काळा-सोनेरी हाय-रेझ बिल्ला आहे, आणि तो फोनला ब्लूटूथवर जोडतो. ब्लूटूथची सगळीकडे चालणारी पद्धत एसबीसी, तिचा वेग साधारण ३२८ किलोबिट. सीडीचाच १४११ आहे. २४/१९२ ची फाइल त्यातून जाताना दाबूनच जाते. वायर लावली. तरी लॅपटॉप सगळं ४८ ला बदलून पाठवत होता, ते सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागलं.

१६ मार्च, रविवार

सूंसूं काढायच्या नादात दोन दिवस घालवले. ऑडॅसिटीला नुसत्या आवाजाचा नमुना दाखवायचा असतो, मग ती तो सगळीकडून वजा करते. मी नमुना घेतला आलापाआधीच्या शांततेचा. त्या शांततेत तानपुरा होता. तिने इमानाने तानपुरा काढून टाकला. आत्या हवेत गाते आहे, आणि सम आली की मागे कुणीतरी पाण्यात बोलल्यासारखं गुळगुळ.

आता नमुना रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यापासून तानपुरा सुरू होईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांचा, आणि वजाबाकी ६ डेसिबलच्या वर नाही. दादाला पाठवलेल्या पहिल्या नमुन्यात मी १८ केली होती. त्याचं उत्तर, ‘स्वच्छ आहे, पण आई नाही वाटत.’ सूंसूं थोडी राहू दिली की तिचा श्वास परत येतो.

मूळ फाइल न हात लावता वेगळी ठेवली आहे, प्रत्येक कॅसेटची. वेग, घरघर, सूंसूं, काहीही बदलायचं ते प्रतीत. घरघर काढताना ५०, १०० आणि १५० वर अगदी अरुंद चीर, नाहीतर डग्ग्याचा घुमारा जातो.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पहिला संच दादाकडे गेला. मूळ फाइली फ्लॅकमध्ये, कारण त्यात काही हरवत नाही आणि जागा निम्म्याच्या आसपास लागते. नातेवाइकांसाठी त्यांच्याच १६/४४.१ च्या प्रती. चोवीसवरून सोळावर उतरवताना डिथर चालू ठेवलं. त्याने तळाशी बारीकशी समान सूंसूं मिसळते आणि हळू सुरांची खडखड होत नाही. कॅसेटच्या सूंसूंवर त्याची गरज नाही, पण सवय बरी. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, ४६०० रुपये, आणि ती डिस्क माझ्या घरात नाही, बहिणीकडे आहे.

एकूण खर्च १६,८०० च्या आसपास, फुगवलेला अल्बम धरून थोडा वर. यातले ११५० वाचवता आले असते. इंटरफेस ज्या किमतीला घेतला त्याच्या आसपास विकता येईल. वेळेत बघायचं तर निम्म्याहून जास्त वेळ स्क्रू, बेल्ट आणि पट्टी यांवर गेला. १९२ की ९६ या वादात दादाशी घातलेले फोन वेगळे.

राहिलेलं: सी-९० मधल्या दोन कॅसेटी चालताना किंचाळतात, टेप पातळ असल्याने अडकून ताणली जाण्याची भीती आहे. त्या पूर्ण पुढे-मागे गुंडाळून सैल करून बघणार, तरी नाही जमलं तर टेप दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घालणार. एकीची दाबाची फोमची गादी गळून पडली होती, ती एका रिकाम्या जाहिरातीच्या कॅसेटमधून काढून बसवली, चाललं. पाच कॅसेटींवर बुरशीची पांढरी पूड आहे. त्या डेकला लावलेल्या नाहीत, नाहीतर बुरशी हेडवरून बाकीच्यांना लागेल. त्यांची खोकी चिकटवलेली आहेत, स्क्रूची नाहीत, म्हणून ती फोडून टेप नव्या खोक्यात घालावी लागेल. स्क्रूची रिकामी खोकी तापकीर गल्लीत मिळाली नाहीत. रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय.